एका पेटीचे सामराव

सामरावांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा इयरफोन अडकित्त्यानं कापला तेव्हा.

हे मी ज्याला सांगतो तो आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे चुकून?" चुकून नव्हे. चांगला विचार करून, सुपारी कातरावी तसा. बँकेनं माझी कराडहून चेन्नईला बदली केली होती आणि आम्ही नुकतेच वेस्ट मांबलममध्ये पहिल्या मजल्यावर राहायला आलो होतो. सामान अजून खोक्यांत होतं. मी कानांत इयरफोन घालून जिन्याच्या पायरीवर गॅसवाल्याची वाट पाहत बसलो होतो. तळमजल्याचं दार उघडलं आणि पांढरी वेष्टी नेसलेला, उघड्या अंगाचा, कपाळावर गोपीचंदन लावलेला एक म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं वाकून माझ्या दोन्ही कानांतली बोंडं काढली. एक आपल्या कानाला लावून पाहिलं, मग दुसरं लावलं, तोंड वाकडं केलं आणि कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला.

मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत कच्च्‌ असा आवाज झाला होता. म्हाताऱ्यानं वायरींची सालं दातांनी सोलली, आतले तांब्याचे केस एकमेकांत पिळले, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि तो ऐवज माझ्या हातात ठेवला.

"घ्या. आतां दोन्ही कानांस एकच जाईल," तो म्हणाला. "वाटणी नाही."

मला एकाच वेळी दोन धक्के बसले. इयरफोन कापला हा पहिला. हा माणूस मराठी बोलतो हा दुसरा, आणि खरं सांगायचं तर तो जास्त जबर होता. चेन्नईत आल्यापासून मी रिक्षावाल्याशी हातवारे आणि भाजीवालीशी बोटं करून जगत होतो. "तुम्हाला कसं कळलं आम्ही मराठी आहोत?" मी विचारलं. "खोकीं चढवतांना तुम्ही बायकोवर ओरडत होतां, इल्ले?" म्हातारा म्हणाला. "सगळ्या गल्लीस ऐकू गेलं. जोर चांगला होता."

'इल्ले' म्हणजे 'नाही का'. सामरावांचं निम्मं बोलणं 'इल्ले'वर संपतं. ते तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथंच राहिले. मराठीही त्यांच्याबरोबर उतरली ती जशीच्या तशी राहिली, फक्त मधूनमधून तिला तमिळची फोडणी बसली. माझी मराठी ऐकून त्यांना माझी कीव येते. "तिकडे राहून तुमची बिघडली," ते मला धीर देतात, "परवाइल्ले." म्हणजे असू दे, चालायचंच.

जन्म गेला तो अंबत्तूरच्या एका कारखान्यात भांडार सांभाळण्यात. घर स्वतःचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एवढी माहिती मला आठवड्याभरात मिळाली. पण माणूस कळायला ही माहिती काही उपयोगाची नव्हती. सामराव कळायचे तर त्यांचा तो एक शब्द कळायला हवा होता, वाटणी.

स्टिरिओ म्हणजे वाटणी, असं त्यांचं म्हणणं. "गाणं काय जमीन आहे? अर्धी या भावास, अर्धी त्या भावास?" स्पीकरला ते पेटी म्हणतात, आणि पेटी घरात एकच असावी हा त्यांचा कायदा. त्यांच्या दिवाणखान्यात मधोमध एक काळी पेटी आणि तिच्यासमोर एक वेताची खुर्ची. टीव्हीच्या एका बाजूच्या जाळीत त्यांनी जुनं बनियन कोंबून ठेवलेलं. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावल्याबरोबर हे उठून बसले. "हें खरें यंत्र!" ताप विसरून ते मला म्हणाले. "कान दोन, छाती एक. दोन्ही कानांस तेंच." डॉक्टरांना मराठी येत नव्हती हे त्यांचं नशीब.

पोंगलच्या वेळी तर त्यांनी कहर केला. आमच्या गल्लीच्या कार्यक्रमाला मंचाच्या दोन बाजूंना दोन भलेमोठे कर्णे लावले होते. सामरावांनी पाहुणे यायच्या आत मांडववाल्याला दमात घेऊन दोन्ही कर्णे उचलायला लावले आणि मंचाच्या मधोमध एकावर एक चढवले. प्रमुख पाहुणे आले, उभे राहिले, बोलले आणि बसले. त्यांचं भाषण सगळ्यांना ऐकू आलं, पण ते स्वतः कुणालाही दिसले नाहीत. कार्यक्रमाचे सेक्रेटरी लालबुंद झाले. मी आ वासून पाहत राहिलो. "पाहायचें कशास?" सामराव शांतपणे म्हणाले. "ऐकायला आलांत ना?"

माझी बायको मेघना त्यांना बिचकून असे. "हा माणूस आज वायरी कापतोय, उद्या आपल्याला कापेल," ती म्हणायची. मग ते सकाळी जिन्याखालून "काय अम्मा, कॉफी झाली?" अशी हाक मारायचे आणि हीच आधी पळत जाऊन पितळेच्या डवऱ्यात त्यांना कॉफी देऊन यायची. डवरा म्हणजे इकडची कॉफी ज्यात गार करतात ती वाटी. आमच्या घरात ती त्यांच्याच कृपेनं आली होती.

पण मला खरा हादरा बसला तो एका रविवारी. ते मला आत घेऊन गेले आणि कपाटातून, रेशमी उपरण्यात गुंडाळलेली एक जुनी तबकडी काढली. मला वाटलं एखादी कीर्तनाची किंवा नादस्वराची असेल. वेष्टणावर उंच केसांचा टोप केलेली, डोळे मिटलेली एक काळी अमेरिकन बाई होती.

"सोल म्यूझिक," सामराव म्हणाले. कपाळावरच्या गोपीचंदनाखालून हे शब्द येताना पाहून मी खुर्चीचा हात धरला.

"हीं त्यांचीं भजनेंच," त्यांनी समजावलं. "देवळांत म्हणत होते, मग बाहेर येऊन म्हणू लागले. चाल तीच. देवाच्या जागीं प्रियकर. बाकी रडणें सारखेंच."

मग त्यांनी मला एक व्याख्यानच दिलं. सत्तर सालाच्या आधीच्या त्या काळात तिकडची पोरं गाणी ऐकायची ती रेडिओवर, मोटारीत, नाहीतर हॉटेलात नाणं टाकून. सगळीकडे पेटी एकच. त्यामुळे गाणं मिसळणारा माणूसही एकच पेटी समोर ठेवून बसायचा. बाई किती, ढोल किती, पिपाण्या किती, हे जीव लावून मिळवायचा, कारण एका पेटीत सगळे दाटीवाटीनं बसले पाहिजेत आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देता कामा नये. ते मोनो. मग स्टिरिओची फॅशन आली. कंपनीवाले म्हणाले, श्रीमंतांसाठी तेही करून टाका. तेव्हा पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा कराव्यात तसं ते उरकलं गेलं. बाईला ढकललं एका पेटीत, वाजंत्र्यांना दुसऱ्या.

"भात एका घरीं, सांबार दुसऱ्या घरीं," सामराव म्हणाले. "आणि म्हणायचें, जेवा."

त्यांच्याकडची तबकडी ही अशी वाटणीची होती. त्यांना हवी होती तीच गाणी, तीच बाई, पण मोनो. जॉर्ज टाउनमध्ये बंदराकडच्या जुन्या सामानाच्या दुकानांचे उंबरे त्यांनी झिजवले होते. हे मिसळण्याचं शास्त्रही त्यांना तिथल्याच एका तबकडीवाल्यानं शिकवलं होतं. मी फोनवर शोधून पाहिलं, तर त्या बाईचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

"पण काका," मी शहाणपणा केला, "तुम्ही माझ्या वायरी जोडल्यात तशा याच्याही जोडा की. झालं मोनो."

"तें जोडणें," ते म्हणाले. "मिसळणें नव्हे. वेगळीं झालेलीं दोन माणसें एका बाकावर बसवलीं म्हणून संसार होतो काय?"

"बरं, निदान हीच लावा ना. ऐकू तरी द्या मला."

सामरावांनी तबकडी पुन्हा उपरण्यात गुंडाळली. "ती गेल्यावर एकदां लावली. पुन्हा नाही," ते म्हणाले.

'ती' म्हणजे बायको, एवढं मला कळलं. आमच्याकडे अशा वेळी माणूस विषय बदलतो. मी बदलायला तोंड उघडलं, पण सामराव खुर्चीत बसले होते आणि सांगायला लागले होते.

त्यांनी स्टिरिओ घेतला तो कारखान्याच्या कामाला जॉर्ज टाउनला गेले असताना. कुणा खलाशानं विकलेला. दुकानदारानं वर ही तबकडी फुकट दिली. घरी आणल्यावर दोन पेट्या पाहून सामरावांच्या मनात आलं, मी इथं खुर्चीत बसून गाणं ऐकणार आणि रुक्माबाई बिचारी आत चुलीपाशी. तेव्हा त्यांनी न्याय केला. एक पेटी दिवाणखान्यात, दुसरी बोळातून लांब वायर नेऊन स्वयंपाकघराच्या फळीवर. एक तुला, एक मला. बायको इतकी खूश झाली की तिनं पेटीला हळदकुंकू लावलं.

"आमच्या बाकीच्या तबकड्या भजनांच्या, जुन्या," सामराव म्हणाले. "मोनो. दोन्ही पेट्यांत एकच. मग हीही तशीच, इल्ले? मज काय ठाऊक."

मला अजून उजेड पडला नव्हता. मी मान हलवत होतो.

दर रविवारी सकाळी सामराव ही तबकडी लावत. त्यांच्या पेटीत ढोल, पिपाण्या, झांजा. फक्कड बँड. वेष्टणावरची बाई ही कॅलेंडरावर असते तशी शोभेची, असं त्यांनी धरून टाकलं. पण बँड रंगात आला की आतून बाईचा सूर यायचा. फोडणीच्या आवाजातून, ग्राइंडरच्या घरघरीतून येईल तेवढाच. शब्द नाहीत, नुसता सूर. सामरावांना वाटलं, ही गुणगुणते आहे.

"अगे, म्हणूं नको गे!" ते खुर्चीतून ओरडायचे. "बँड ऐकू दे!"

"मी कुठे म्हणतें?" आतून उत्तर यायचं. "ती बाई म्हणते आहे!"

"कोण बाई? मी पेटीसमोर बसलों आहे. बाई नाही यांत!"

"आहे! आणि बँड कोठें आहे? बिचारी एकटी म्हणते आहे, साथीस कुत्रं नाही!"

मी हसू दाबत होतो. सामरावही हसले. दोघंही आपापल्या पेटीशी प्रामाणिक होती. तिला वाटे हे थट्टा करतात, यांना वाटे ही खोटं बोलते. वर्षानुवर्षं दर रविवारी हेच भांडण. एकदा रुक्माबाईंनी पाण्याचा घोट तोंडात धरला, अख्खं गाणं तसाच धरून ठेवला, आणि गाणं संपल्यावर बोळात येऊन, गाल फुगवून नवऱ्याला दाखवला. 'आता सांगा, कोण म्हणत होतं?' सामराव म्हणाले, "पाणी आतां घेतलेंस." ती तशीच मोरीत गेली, चूळ टाकली आणि दिवसभर बोलली नाही.

"पण काका, उठून आत जाऊन बघायचं ना एकदा!" मी न राहवून म्हणालो.

सामरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही अचाट बोललो होतो. "सोवळ्याचा स्वयंपाक," ते म्हणाले. "नैवेद्य होईपर्यंत मी आंत जायचें नाही. माझ्या आईनें घातलेला नेम. आईच्या मागें तिनें पाळला." आणि तिला चूल सोडून गाणं चालू असताना बाहेर येता येत नव्हतं. तेव्हा एक बोळ मध्ये ठेवून दोघं आपापल्या जागी, आपापलं गाणं ऐकत बसली.

मग रुक्माबाईंनी गाणंच सोडलं. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडला की बायका जमत आणि तिला गायला लावत. तिचा आवाज गोड होता. तिनं नाही म्हणून सांगितलं. आरती म्हणेना, अंघोळीला नदीचं स्तोत्र म्हणेना. "कोठेंच म्हटलें नाही, तर रविवारीं तुम्हांस माझा सूर कसा येईल?" असं तिचं गणित. आणि तरी रविवारी सूर यायचाच.

"मी काय समजलों, सांगूं?" सामराव म्हणाले. "बाईमाणूस हट्टी. देवास म्हणत नाही, पण माझ्या बँडवर मात्र म्हणते. आणि मी ओरडत राहिलों. शेवटच्या रविवारपर्यंत."

ती अचानक गेली. दिवस झाले, पाहुणे परतले. पहिला रिकामा रविवार आला आणि वेळ जाईना म्हणून सामरावांनी तबकडी लावली. बँड वाजू लागला. आणि आतून बाईचा सूर आला.

खरं सांगतो, मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंच.

"मी काय केलें, ठाऊक आहे?" सामराव म्हणाले. "सवयीनें ओरडलों. अगे, म्हणूं नको गे."

आणि सूर थांबला नाही. घरात तर कुणीच नव्हतं. ते उठले आणि तशाच पारोशा कपड्यांनी जन्मात पहिल्यांदा त्या वेळी स्वयंपाकघरात गेले. फळीवर लोणच्याच्या बरण्यांशेजारी ती पेटी होती. धूर लागू नये म्हणून रुक्माबाईंनी तिच्या मापाचं एक झबलं शिवून घातलं होतं. आणि त्या झबल्याआड ती वेष्टणावरची बाई गात होती. एकटी. ढोल नाही, पिपाणी नाही, साथीला कुत्रं नाही. अगदी रुक्माबाई सांगत होती तशी.

बाहेर मांबलम स्टेशनकडून गाडीची शिट्टी आली आणि मला ऑफिसचं काहीतरी आठवल्याचं नाटक करून मी वर आलो. मेघनाला सगळं सांगितलं. ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "त्यांना ती मोनो तबकडी मिळवून द्या हो. कुठूनही."

माझी बहीण अमेरिकेत असते. तिला मी फोन करून पिडलं, तिनं जुन्या तबकड्यांचे तिकडचे विक्रेते पिडले, आणि पुढच्या सुट्टीत ती आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये ती होती. तीच बाई, तेच मिटलेले डोळे आणि कोपऱ्यात छापलेलं, मोनो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं ती घेऊन खाली गेलो. सामरावांनी हात धुऊन तबकडी घेतली, कितीतरी वेळ वेष्टणच पाहिलं, मग लावली. मला गाण्यातलं काडीचं कळत नाही, पण त्या काळ्या पेटीतून जे आलं त्यानं अंगावर काटा आला. बाई मधोमध उभी होती आणि ढोल, पिपाण्या तिला घेरून, सांभाळून चालले होते. ती कुठे घसरली की ते धरत होते. मेघनानं माझा हात दाबला. मला वाटलं, फिटलं. म्हाताऱ्याच्या जन्माचं काम झालं.

पहिलं गाणं संपलं आणि सामरावांनी सुई उचलली.

"काका, आवडलं नाही?" मी घाबरून विचारलं.

"चांगलें आहे," ते म्हणाले. "फार चांगलें. दोघें एकत्र आहेत." आणि मग बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या काळोख्या दाराकडे पाहत म्हणाले, "पण आंत कोणी नाही आतां."

ते उठले आणि वाकून त्यांनी पलंगाखालून काहीतरी ओढलं. दुसरी पेटी होती. अंगात झबलं तसंच. "देशपांडे, स्टूल घ्या," ते मला म्हणाले. ज्या माणसानं माझा इयरफोन कापला, पाहुण्याला कर्ण्यांमागे गाडलं, तो माणूस स्वतःच्या हातांनी बोळातून वायर सोडत निघाला, तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी स्टुलावर चढलो आणि पेटी फळीवर, बरण्यांशेजारी ठेवली. बरण्या रिकाम्या होत्या.

मी बाहेर आलो तोवर सामरावांनी नवी तबकडी नीट वेष्टणात घातली होती आणि उपरण्यातली जुनी लावली होती. ते खुर्चीत बसले. बँड सुरू झाला, नुसता बँड, ढोल आणि पिपाण्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. मग बोळापलीकडून, आतून, बाईचा सूर आला. शब्द कळत नव्हते.

सामरावांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "म्हण गे! म्हण!"